पेन्शन बेताची, संसार चाकांवर: इंदूरहून निघताना मुक्काम कसा ठरवायचा

इंदूरहून महेश्वर साधारण ९० किलोमीटर. व्हॅन लिटरला १३ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०७ रुपये धरलं, तर जाऊन-येऊन १,४८० रुपये लागतात. चार दिवसांत परत फिरलात तर त्या मुक्कामाचा भाव रोज ३७० रुपये पडतो. महिनाभर राहिलात तर ५० रुपये. घाट तोच, नर्मदा तीच, फक्त गाडी कमी हलली.

गाडीत राहून पेन्शनीत भागवायचं असेल तर जागा या भावानं मोजायची सवय लावून घ्या. जाण्या-येण्याचं इंधन भागिले मुक्कामाचे दिवस, अधिक रोजचं पार्किंग किंवा भाडं. किराणा आणि औषधं कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकानं तेवढीच. हातात राहणारा खर्च एकच, किलोमीटर.

पुढचं सगळं एका जोडप्याला धरून लिहिलं आहे: दोघंही साठीच्या पुढचे, इको-ऑम्नीसारखी पेट्रोल व्हॅन, इंदुरात स्वतःचं छोटं घर. ट्रॅव्हलर किंवा विंगरसारखी मोठी गाडी असेल तर इंधनाचे आकडे बदलतील, पद्धत हीच.

महिन्याला किती किलोमीटर परवडतात

दरमहा २४,००० रुपये धरू. त्यात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवले असतील तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याचे १०,२५० येतात. बाकीचं पेन्शन आणि घरभाडं. ईपीएस-९५ च्या (भविष्य निर्वाह निधीतून मिळणाऱ्या पेन्शनीच्या) किमान १,००० रुपयांवर कुणाचंच भागत नाही, म्हणून भाडं या गणितात महत्त्वाचं.

आता खर्च. किराणा-भाजी-दूध ७,०००, औषधं ३,०००, गॅस ७००, दोन मोबाइल ७००, गाडीचा विमा आणि कर वर्षाचा वाटून १,५००, दुरुस्तीसाठी बाजूला ३,०००, जागेचं भाडं किंवा पार्किंग २,०००. झाले १७,९००. इंधनाला ५,००० दिले की १,१०० उरतात, ते नातवाच्या वाढदिवसाला जातात. त्या ५,००० रुपयांत साधारण ४६ लिटर पेट्रोल येतं, म्हणजे महिन्याला ६०० किलोमीटर.

हा आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. इंदूर-मांडू-महेश्वर-ओंकारेश्वर-इंदूर हा फेरा पावणेतीनशे-तीनशेच्या घरात जातो, तो एका महिन्यात आरामात बसतो. पचमढी भोपाळमार्गे एका बाजूला ३९० पडते. जाऊन-येऊन ७८० म्हणजे एका महिन्याच्या कोट्याबाहेर. दोन महिने तिथं राहणार असाल तरच जायचं. ६,४०० रुपयांचं पेट्रोल ६० दिवसांवर वाटलं की रोजचे १०७ पडतात. दहा दिवसांत परतलात तर ६४०, आणि तेवढ्यात साध्या लॉजची खोली मिळते.

बचत योजनेचं व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. लांबचा टप्पा एप्रिलात आणि जानेवारीत टाका, ऋतूही तेव्हाच जुळतो. जुलैचं व्याज टायर-ब्रेकला, ऑक्टोबरचं विम्याला.

इंधनाबद्दल आणखी एक. मध्य प्रदेशात पेट्रोलवरचा कर जास्त आहे, गुजरातेत लिटरमागे बहुतेक वेळा दहा-बारा रुपये कमी पडतात. दाहोदकडे निघताना टाकी अर्धी ठेवून निघा, परतताना दाहोदलाच काठोकाठ भरा. मात्र गुजरातेत दारूबंदी आहे, हे गाडीत राहणाऱ्यांनी विसरू नये. औषध म्हणून ठेवलेली अर्धी बाटलीसुद्धा तपासणी नाक्यावर महागात पडते.

टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी कार-जीप-व्हॅनला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीचा दर ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्याच्या रस्त्यांवरचा टोल वेगळा. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याला तो वसूल होईलच असं नाही. मागच्या तीन महिन्यांच्या टोलच्या नोंदी पाहून मगच घ्या.

इंदुरातली एक खोली सोडू नका

पूर्ण घर भाड्यानं देण्याचा मोह होतो. देऊ नका. संडास-न्हाणी जोडलेली एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवा, बाकीचं ११ महिन्यांच्या करारानं द्या आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात नोंदवा. त्या खोलीमुळे आधार, गाडीचं नोंदणी पुस्तक, बँक, मतदार यादी या सगळ्यांचा पत्ता टिकतो. आणि पावसाळ्यात, आजारपणात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवडाभर डोकं टेकायला स्वतःचं छप्पर लागतंच. हजार-दीड हजार जास्त भाड्यासाठी ते गमावण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो (ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो). तो आता जीवन प्रमाणच्या चेहरा-ओळखीनं मोबाइलवरूनही होतो, पोस्टमनही करून देतो. तरी पहिल्या वर्षी तो इंदुरात आपल्या शाखेत करूनच निघा. चेहरा जुळला नाही आणि पेन्शन अडकली, तर महेश्वरजवळच्या मंडलेश्वरच्या घाटावर बसून ती सोडवणं जिवावर येतं.

आधी रात्र बघा, मग देखावा

दिवसा माणूस देवळात, झाडाखाली, वाचनालयात कुठेही बसू शकतो. रात्री गाडीतच झोपायचं असतं. म्हणून जागा ठरवताना कमाल तापमान बघू नका, किमान बघा. १२ व्होल्टचा पंखा आणि दोन्ही बाजूंना जाळी असेल तर रात्रीचं किमान २५-२६ अंशांपर्यंत झोप लागते. २८ च्या वर गेलं की पत्रा पहाटेपर्यंत तापलेलाच राहतो, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला सकाळी उठताना चक्कर येते. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर त्या गावाचं, नाहीतर जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणाचं किमान तापमान सात दिवस सलग बघा, मग निघा.

उंचीचा हिशेब सोपा आहे: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश फरक. इंदूर ५५० मीटरवर. महेश्वर दीडशेच्या आसपास, म्हणजे इंदूरपेक्षा अडीच अंशांनी गरम, वर निमाडची, म्हणजे नर्मदेकाठच्या सखल पट्ट्याची, कोंडलेली हवा. पचमढी १,०६७ मीटरवर, म्हणजे तीन-साडेतीन अंश थंड. आणि मांडू? ६३३ मीटर. वर चढून गेल्यामुळे थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखं वाटतं, पण इंदूरपेक्षा फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. पावसाळ्यात मांडू सुंदरच असतं, पण मे महिना काढायला ते उपयोगाचं नाही.

उत्तराखंडाचा विचार मनात येतोच. मसुरी दोन हजार मीटरवर, फरक नऊ अंशांचा. जाऊन-येऊन २,२०० किलोमीटर, सरासरी १०० रुपये लिटर धरलं तरी १७,००० रुपये, आणि घाटात मायलेज आणखी पडतं. दर अंशाला भाव काढला तर पचमढी आणि मसुरी दोन्ही १,९०० रुपयांच्या आसपास येतात. पण मसुरीचे पैसे एकदम द्यावे लागतात, मे महिन्यात तिथं व्हॅन उभी करायला जागा नसते आणि जुलैत दरडी कोसळतात. बेताच्या पेन्शनीत तो सौदा करू नये.

माळव्याची रात्र हा इंदूरकरांचा पिढीजात ठेवा. शब-ए-मालवा उगाच म्हणत नाहीत. दुपारी ४१-४२ झालं तरी पठारावर रात्री उतार पडतो, मे महिन्यातही किमान २५ च्या आसपास येतं. निमाडात तेच २७ च्या पुढे. म्हणजे पचमढी परवडत नसेल तर उन्हाळ्याचं पुढचं ठिकाण आपली स्वतःचीच खोली. कमीपणा मानू नका.

गाडीत एसी चालवायला इंजिन रात्रभर चालू ठेवण्याचा विचारही नको. तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जळतं, आठ तासांत सात-आठशे रुपये, म्हणजे ९० किलोमीटरचं इंधन. शिवाय धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस झोपेतच जातो. थंडीत ऊब म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवणं हाही तोच धोका.

झाडाची सावली निवडताना झाड कोणतं ते बघा. कडुनिंब, चिंच, वड चांगले. निलगिरी आणि गुलमोहर टाळा, मे-जूनच्या वावटळीत त्यांच्या फांद्या आधी मोडतात. दुपारनंतर पश्चिमेकडची बाजू सावलीत हवी. सौर पॅनल टपावर पक्का बसवला की पंचाईत अशी होते: गाडी सावलीत हवी, पॅनल उन्हात. उन्हाळ्यात राहणाऱ्यांनी २०० वॅटचं घडीचं पॅनल घ्यावं आणि पाच मीटर जाड केबलनं बाहेर उन्हात ठेवावं. मार्चमध्ये त्यातून दिवसाला सातशे-आठशे वॅट-तास मिळतात, त्यात दोन पंखे, दिवे, मोबाइल भागून उरतं. जुलैच्या ढगात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर धरा.

दवाखाना किती तासांवर

हृदयाचा किंवा पक्षाघाताचा इतिहास असेल तर नियम कडक ठेवा: सीटी स्कॅन आणि हृदयविभाग असलेलं रुग्णालय एका तासाच्या आत. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यातला एक तास ओळखण्यात आणि एक गाडी मिळण्यात जातो. या मापानं उज्जैन, देवास, भोपाळ, बडोदा पास होतात. महेश्वर या नियमात बसत नाही, साडेचार तासांच्या हिशेबातही काठावरच, इंदूर तिथून दोन तासांवर. पचमढी तर साफ नापास. तिथं प्राथमिक उपचार होतील, पण मोठ्या रुग्णालयासाठी भोपाळच, म्हणजे घाट उतरून चार-पाच तास.

मधुमेह असून इन्सुलिन घेत असाल तर एप्रिल-मे महिन्यांत निमाड पूर्ण वर्ज्य. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली साधारण चार आठवडे चालते, तीही २५-३० अंशांपर्यंत. बंद गाडी उन्हात बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी सहज वर जाते, म्हणजे ४२ च्या दुपारी ५५ ते ६०. खराब झालेलं इन्सुलिन दिसायला बऱ्याचदा तसंच असतं, फक्त साखर उतरत नाही आणि माणूस डोस वाढवत बसतो. फ्रिज नसेल तर मडक्यात मडकं ठेवून मध्ये ओली वाळू भरा, वर ओलं फडकं. कोरड्या हवेत हे उत्तम चालतं, पावसाळ्यात जवळजवळ नाही. जास्तीच्या बाटल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवणं सगळ्यात सोपं.

सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण फक्त भरती झाल्यावर आणि यादीतल्या रुग्णालयात. तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. ज्या गावी महिना काढायचा, तिथून जवळचं यादीतलं रुग्णालय कोणतं हे निघण्याआधी शोधून वहीत लिहा. महूचे माजी सैनिक त्यांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं, पॉलिक्लिनिक बघतील, त्यांना दोन्हींतलं एकच निवडता येतं. गोळ्या तीन महिन्यांच्या घेऊन निघा आणि वाटेतली जन औषधी केंद्रं टिपून ठेवा. नंबर चार पुरेत: १०८, ११२, महामार्गावर १०३३ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७.

पावसाळा: काळी माती आणि नदी

नर्मदेची परिक्रमा करणारे चातुर्मासात एका जागी थांबतात. तुम्हीही थांबा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर गाडी डांबरावर, काँक्रीटवर किंवा फरशीवर. माळव्याच्या काळ्या मातीत उभ्या केलेल्या गाडीला एक सर पुरते.

माती ओळखायची असेल तर मूठभर घ्या, थोडं पाणी घालून मळा आणि तळहातांमध्ये वळून पोळीच्या कणकेसारखी दोरी करा. बारीक काडीएवढी झाली तरी तुटत नसेल तर ती काळी चिकण. उन्हाळ्यात त्याच जमिनीत बोट जाईल एवढ्या भेगा दिसतात. वरून टणक, पाऊस आला की लोणी. मुरूम किंवा तांबडमाती हातात भुगा होते, तिथं एखादी रात्र काढता येईल. रुतलाच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःचा खड्डा खोदतं. टायरची हवा १८-२० पर्यंत उतरवा, चाकासमोर बारदान घाला, दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा आणि पहिल्याच पंपावर हवा पूर्ण भरा.

नदीकाठाचं वेगळं. नर्मदेवर वर धरणं आहेत, पाणी आभाळाकडे बघून येत नाही. ७ एप्रिल २००५ ला देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या मेळ्यात वरच्या धरणातून सुटलेल्या पाण्यात पात्रातले अनेक भाविक वाहून गेले. एप्रिल महिना, पावसाचं नाव नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ओंकारेश्वर, महेश्वर, खलघाटपासून भरूचपर्यंत पूर आला होता. वाळवंटात किंवा घाटाच्या खालच्या पायरीच्या पातळीला गाडी कधीच नको. भोंगा ऐकू आला तर विचारत बसायचं नाही, आधी गाडी वर.

दुपारी चारच्या आत पोहोचा

अंधारात निवडलेली जागा सकाळी हमखास पस्तावायला लावते. दिवसाउजेडी पोहोचलात की इंजिन बंद करून अर्धा तास नुसतं बघा.

ताटात पाणी घालून गाडीत ठेवा, कुठल्या बाजूला सांडतं ते बघून दगड किंवा फळी लावा. डोकं खाली असेल तर रात्रभर आम्लपित्त आणि सकाळी जड डोकं. मग आवाज. देवळाचा भोंगा कुठे आहे, पहाटे आरती किती वाजता, आणि जवळ मॅरेज गार्डन आहे का. तुळशीच्या लग्नानंतर आणि अक्षय तृतीयेच्या आसपास मॅरेज गार्डनपासून अर्धा किलोमीटर लांब राहा, डीजे वाजू लागला की पत्र्याची गाडी ढोलासारखी घुमते. संडास हा सगळ्यात मोठा मुद्दा. साठीनंतर रात्री दोनदा उठावं लागतं आणि सुलभचं दार रात्री बंद असेल तर जागा बाद. तरीही झाकणाची बादली, वर बसायची सीट आणि लाकडाचा भुसा गाडीत असू द्या, बायकांसाठी तर हवाच.

पाणी दोघांना रोज २० लिटर लागतं: पिण्या-स्वयंपाकाला ८, बाकीचं अंग पुसणं, भांडी, हात-पाय. पाच दिवसांचं म्हणजे १०० किलो वजन. जिथं रोज नळ मिळतो तिथं ४० लिटरवरच राहा, मायलेज आणि ब्रेक दोघांनाही बरं. धार-झाबुआ भागात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, महिनाभर राहणार असाल तर हापशाचं पाणी पिऊ नका, नळाचं किंवा आरओचं घ्या. खुद्द इंदुरात कधी गाडीत झोपलात तर सांडपाणी रस्त्यावर ओतू नका. महापालिका दंड करते, आणि शेजारपाजारचे त्याआधी ओरडतात.

एका रात्रीपुरते महामार्गावरचे मोठे पंप उत्तम, विशेषतः तेल कंपनी स्वतः चालवते ते. हवा, पिण्याचं पाणी आणि संडास तिथं फुकट मिळायला हवेत. मॅनेजरला विचारून कोपऱ्यात उभी करा, पेट्रोल तिथंच घाला. ट्रकच्या रांगेत नको, रात्रभर इंजिनं धडधडतात.

महिन्याच्या मुक्कामाचा सौदा

भक्तनिवासांवर भिस्त ठेवून महिने काढता येत नाहीत. बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसांची मर्यादा असते आणि ती रास्तही आहे. ओंकारेश्वरला गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास मराठी माणसाला घरासारखं वाटतं, पण ते पोहोचल्यावर आंघोळ करून अंग सैल करायला. महिन्यासाठी वेगळी जागा हवी: कुणाचं अंगण, बखळ, रिकामा बाडा.

पहिले तीन दिवस पैसे देऊन पार्किंगमध्ये राहा. किराणा रोज एकाच दुकानातून घ्या, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसा. "नर्मदे हर" म्हटलं की निमाडात बोलणं सुरू होतं. चौथ्या दिवशी दुकानदाराला विचारा: "भैयाजी, किसी का बाड़ा खाली हो तो बताइए, गाड़ी खड़ी करनी है, खाना हम अपना बनाएँगे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्यानं समोरच्याची अर्धी काळजी मिटते. दीड-दोन हजारांत नळ आणि संडासासह जागा मिळाली की घ्या. पण चार गोष्टी आधीच बोलून घ्या: संडासाची किल्ली रात्री कुणाकडे, नळ किती वाजता येतो, विजेचे पैसे युनिटवर की ठोक, आणि घरात लग्न-कार्य निघालं तर गाडी कधी हलवायची. आधारची झेरॉक्स मालकाला द्या आणि ठाण्यात स्वतः जाऊन सांगून या. त्यानं गस्तीचा शिपाई रात्री काच वाजवत नाही.

गॅससाठी ५ किलोचा छोटू बरा. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो, दोघांना अडीच आठवडे जातो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गाडीच्या तळाशी एक जाळीचं भोक हवंच. चालत्या गाडीत व्हॉल्व्ह बंद.

वर्ष असं बसवता येतं

दिवाळी आणि हयातीचा दाखला उरकून नोव्हेंबरच्या मध्यावर निमाडात उतरा. ए.बी. रोडनं (आग्रा-मुंबई महामार्गानं) जाणार असाल तर घाटाचा उतार भरलेल्या गाडीनं दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापून हलके पडतात. त्या रस्त्यावरच्या गणपती घाटात ट्रकांचे अपघात याच कारणानं होत आले. घाट पाहायला महेश्वर, पण राहायला आठ किलोमीटरवरचं मंडलेश्वर. सरकारी दवाखाना आहे, बाजार आहे, पर्यटक कमी, म्हणून बाड्याचा भावही कमी. इंदुरात पारा ८-१० वर असतो तेव्हा इथं गोधडीत भागतं. ओंकारेश्वर चार-पाच दिवसांपुरतं ठेवा. श्रावणी सोमवार, भूतडी अमावस्या आणि नर्मदा जयंतीला तिकडे फिरकूही नका.

जानेवारीचं व्याज आलं की गुजरात. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचं स्थान. दोन्हीकडे दत्तभक्तांची ये-जा, प्रसादाची सोय, मराठी कानावर पडत राहतं. मोठा दवाखाना बडोद्यात. दांडिया बाजारच्या बाजूला मराठी वस्ती जुनी आहे, कुणाची ना कुणाची सोयरीक निघतेच. जाऊन-येऊन सातशेच्या वर किलोमीटर, दीड महिना राहिलात तर इंधन रोजचे सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास बसतं. मार्चमध्ये रंगपंचमीच्या आधी घरी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पचमढी, प्रकृती चांगली असेल तर. पिपरियाला किराणा, औषधं, गॅस भरून मग पन्नासेक किलोमीटरचा घाट चढा, वर सगळं महाग. गाव छावणीचं आहे आणि भोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, म्हणून कुठेही गाडी लावता येत नाही. आधी अंगण ठरवून जा. माकडं जाळी फाडतात, केळी समोर ठेवू नका. १० जूनच्या आत खाली उतरा.

मग चातुर्मास इंदुरात. ऑक्टोबरात मांडूला दहा दिवस, सोमवार ते शुक्रवार असे दोन तुकडे करून, शनिवार-रविवार धारला. उज्जैन एरवी सोयीचं, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून सुट्यांना तिथं पार्किंग मिळणं अवघड, आणि २०२८ च्या एप्रिल-मे महिन्यांत सिंहस्थ आहे. त्या वर्षीचं उन्हाळ्याचं नियोजन उज्जैन वगळूनच करा.

निघण्याआधी

गाडीत पलंग-ओटा पक्का बसवला असेल तर तो बदल आरटीओकडून पुस्तकात चढवून घ्या. परवानगीशिवाय केलेला बदल विमा कंपनीला दावा नाकारायला पुरतो. सामान सुटं, काढता येण्यासारखं ठेवलंत तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी तेच करा. पंचावन्नच्या पुढे लायसन एका वेळी पाच वर्षांचंच मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत प्रवासाच्या मध्ये संपत नाही ना ते पाहा. गाडी दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं नोंदणी करावी लागते. वरच्या वेळापत्रकात तसं होत नाही.

पहिली चाचणी तीन रात्रींची, देवास किंवा उज्जैनला. घरापासून दीड तासाच्या आत. एका वहीत रोज पाच आकडे: पहाटे पाचला गाडीतलं तापमान, रात्री किती वेळा उठलात, पाणी किती लिटर गेलं, सकाळी बॅटरी किती उरली, आणि रोख किती खर्च झाली. पाण्याचा आकडा पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्यांचाच दुप्पट निघतो, भांडी धुण्यामुळे. ताटं आधी कागदानं पुसून मग धुतली की तो निम्म्यावर येतो. दुसरी चाचणी दहा दिवसांची, मंडलेश्वरला, नोव्हेंबरात. दोघांपैकी एकाला जरी सलग चार रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप लागली, तर परत या, गादी किंवा हवेची दिशा बदला, मगच महिन्याचा बाडा बोला.